फळांच्या शिरक्याची दुसरी आंबवण : पात्राची निवड कशी करावी?

कोकणात चैत्र-वैशाखात काजूच्या बागांतून फिरले असता झाडाखाली बोंडांचा सडा पडलेला दिसतो. बी काढून घेतली की बोंड टाकून द्यावयाचे, ही बहुतेक ठिकाणची रीत आहे. मृगाचा पाऊस सुरू होताच जांभळाची तीच गत होते. बाजारात पोहोचण्याजोगे फळ टोपलीत जाते आणि फुटलेले, दबलेले फळ मातीत मिसळते. अशा फळांचा रस गोड असतो आणि जेथे गोडवा आहे तेथे शिरका करता येतो. शिरका, म्हणजे ज्याला बाजारात व्हिनेगर म्हणतात तो पदार्थ, लोणची, चटण्या, मुरवलेल्या भाज्या व मासे यांसाठी उपयोगी पडतो. चांगल्या फळाच्या नैसर्गिक शिरक्यास रासायनिक आम्लापासून केलेल्या शिरक्यापेक्षा भावही अधिक मिळतो.

या कारणास्तव गेल्या काही वर्षांत अनेक बागायतदार व महिला बचत गट या उद्योगाकडे वळले आहेत. तथापि गावोगावच्या भेटींत एक गोष्ट वारंवार दृष्टीस पडते. फळ उत्तम असते, रस स्वच्छ गाळलेला असतो, पहिली आंबवणही सुरळीत पार पडते. आणि नंतर माल बिघडतो. कोठे रस महिनोन् महिने तसाच राहतो व आंबट होत नाही, कोठे तो काळा पडतो, कोठे त्यास धातूची चव येते. चौकशी केली असता बहुधा दोष फळाचा किंवा करणाऱ्याचा नसून दुसऱ्या आंबवणीसाठी घेतलेल्या पात्राचा असल्याचे आढळते. म्हणून प्रस्तुत लेखात या एकाच विषयाचा विस्ताराने विचार केला आहे.

शिरका दोन टप्प्यांत होतो

फळाच्या रसाचा शिरका एकदम होत नाही. प्रथम यीस्ट नावाचे सूक्ष्म जीव रसातील साखर खाऊन तिचे मद्यार्क व कर्बद्विप्राणिद वायू (कार्बन डायऑक्साइड) यांत रूपांतर करतात. ही पहिली आंबवण होय. त्यानंतर निराळ्या जातीचे जीवाणू त्या मद्यार्काचे ॲसेटिक आम्लात रूपांतर करतात. ही दुसरी आंबवण. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई पाश्चर यांनी १८६० नंतरच्या दशकात या दुसऱ्या क्रियेचा अभ्यास करून ती सजीव सूक्ष्म जंतूंमुळे घडते हे दाखवून दिले. त्यापूर्वी ती केवळ रासायनिक क्रिया आहे असाच अनेकांचा समज होता.

हिशेबाने पाहिल्यास शंभर भाग साखरेपासून वजनाने सुमारे एक्कावन्न भाग मद्यार्क व त्यापासून सुमारे सहासष्ट भाग आम्ल मिळावयास हवे. प्रत्यक्षात काही मद्यार्क उडून जातो, काही साखर जंतूंच्या वाढीसाठी खर्ची पडते. त्यामुळे घरगुती रीतीत साखरेच्या साधारण निम्मे आम्ल हाती येते असे धरून चालावे. म्हणजे ज्या रसात दहा टक्के साखर आहे त्याचा पाच टक्क्यांच्या आसपास आम्लतेचा शिरका होईल. अन्नसुरक्षा नियमांनुसार आंबवून केलेल्या शिरक्यात १०० मिलिलिटरमागे किमान ३.७५ ग्रॅम ॲसेटिक आम्ल असणे आवश्यक आहे. यावरून हे ध्यानात येईल की रसातील साखर वाया घालविण्यास फारसा वाव नाही. पात्र चुकीचे निवडले तर तेवढ्यानेच शिरका या मर्यादेच्या खाली उतरू शकतो.

दोन टप्प्यांच्या विरुद्ध गरजा

पात्राच्या निवडीतील सर्व घोटाळ्याचे मूळ येथे आहे. पहिल्या टप्प्यातील यीस्टला हवेची गरज नसते. किंबहुना हवा आत शिरू न देणेच इष्ट. मात्र त्या टप्प्यात वायू पुष्कळ बाहेर पडतो. दहा टक्के साखरेच्या एक लिटर रसातून सुमारे पंचवीस लिटर वायू निघतो. म्हणून पात्र घट्ट बंद करून ठेवल्यास ते फुटते व काच असल्यास गंभीर इजा होते. वायू बाहेर पडेल पण हवा आत येणार नाही, अशी सोय करावी लागते. बुधल्याच्या बुचातून एक नळी काढून तिचे दुसरे टोक पाण्याच्या भांड्यात बुडवून ठेवले की हे काम साधते.

युरोपात सफरचंदाच्या रसाचे सायडर नावाचे पेय करतात, त्याची रीत या ठिकाणी तुलनेस घेण्यासारखी आहे. सायडरच्या दुसऱ्या आंबवणीसाठी अरुंद गळ्याचे पात्र घेऊन ते गळ्यापर्यंत काठोकाठ भरतात आणि वर पाण्याची नळी बसवितात. पात्रात हवेची पोकळी राहिली तर सायडर आंबट होऊन त्याचा शिरका बनतो, ही त्यांची मोठी भीती. त्यांना जे टाळावयाचे असते तेच आपल्याला घडवून आणावयाचे आहे. म्हणून त्यांच्या नियमांच्या नेमके उलट नियम आपल्या पात्रास लागू पडतात. बाजारातून सायडरसाठीचा बुधला व त्याची नळी आणून त्यात शिरका करू पाहणे म्हणजे चूल विझवून भात शिजण्याची वाट पाहण्यासारखे होय.

दुसऱ्या टप्प्यातील जीवाणूंना प्राणवायू किती लागतो, याची कल्पना हिशेबावरून येईल. सहा टक्के मद्यार्क असलेल्या एक लिटर रसाचा पूर्ण शिरका होण्यास सुमारे ३३ ग्रॅम प्राणवायू लागतो. आपल्याकडील उष्ण हवेच्या एका लिटरमध्ये प्राणवायू पाव ग्रॅमहून थोडाच अधिक असतो. म्हणजे एका लिटर रसासाठी सुमारे १२० लिटर हवेतील सगळा प्राणवायू खर्ची पडतो. दहा लिटर रस अर्ध्या भरलेल्या बंद बुधल्यात ठेवला तर वरच्या पोकळीतील हवा त्याच्या शंभराव्या भागालाही पुरणार नाही. ‘रस तीन महिने ठेवला पण आंबट झाला नाही’ या तक्रारीचे उत्तर बहुतेक वेळा या आकड्यांत सापडते.

पात्राचा आकार

शिरका करणारे जीवाणू रसाच्या पृष्ठभागावर, जेथे रस व हवा यांची गाठ पडते तेथे राहतात. तेथे त्यांची एक पातळ, गुळगुळीत साय धरते. सारे काम त्या सायीत चालते. खालचा रस हळूहळू वर येतो व आंबट झालेला रस खाली जातो. म्हणून पात्रात किती रस मावतो यापेक्षा रसाचा किती पृष्ठभाग हवेला मिळतो, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

उदाहरण घ्यावयाचे तर दहा लिटर रस २० सेंटिमीटर व्यासाच्या उंच बरणीत भरला असता त्याची खोली सुमारे ३२ सेंटिमीटर होते व पृष्ठभाग सुमारे ३१४ चौरस सेंटिमीटर मिळतो. तोच रस ३० सेंटिमीटर व्यासाच्या पसरट पात्रात ओतला तर खोली सुमारे १४ सेंटिमीटर राहते आणि पृष्ठभाग सुमारे ७०७ चौरस सेंटिमीटर, म्हणजे सव्वादोन पट होतो. उलट तो रस चार सेंटिमीटर गळ्याच्या बुधल्यात गळ्यापर्यंत भरला तर हवेला जेमतेम साडेबारा चौरस सेंटिमीटर जागा मिळेल. रस तोच, जीवाणू तेच. पण एका पात्रात काही आठवड्यांत होणारे काम दुसऱ्यात वर्षभरातही पुरे होणार नाही.

यावरून पुढील तीन नियम ध्यानात ठेवावेत :

१. रसाची खोली पात्राच्या व्यासाहून अधिक असू नये. ती व्यासाच्या निम्मी असल्यास उत्तम.

२. पात्राचे तोंड शक्य तो पोटाइतकेच रुंद असावे. पोट मोठे व तोंड लहान असल्यास पृष्ठभाग रुंद असूनही ताजी हवा आत येण्यास वेळ लागतो.

३. पात्र दोन-तृतीयांशापेक्षा अधिक भरू नये. वरची मोकळी जागा हवेच्या खेळतेपणासाठी आहे. ती वाया गेली असे समजू नये.

अतिशय पसरट पात्रही मात्र गैरसोयीचे असते. परातीसारख्या उथळ भांड्यात मद्यार्क व आम्ल उडून जातात, पाणी आटते आणि चिलटे व धूळ यांपासून रसाचे रक्षण करणे कठीण होते. पात्र उथळही नको व खोलही नको, मध्यम असावे.

मोठ्या प्रमाणावर काम करणाऱ्यांसाठी फ्रान्समधील ऑर्लेआं शहराची जुनी रीत पाहण्यासारखी आहे. तेथे लाकडी पिंप आडवे ठेवून ते अर्धवट भरतात. आडव्या पिंपात पृष्ठभाग रुंद मिळतो. वरच्या बाजूस दोन्हीकडे हवेसाठी छिद्रे ठेवून ती जाळीने झाकतात. तयार शिरका खालून काही अंशी काढून घेतात व तितकाच नवा रस तळापर्यंत जाणाऱ्या नळीतून हळूच सोडतात, जेणेकरून वरची साय मोडत नाही. साय मोडून बुडाली की तिला हवा मिळत नाही, ती निकामी होते आणि नवी साय धरेपर्यंत दिवस वाया जातात. आपल्याकडील बरणीसही हे तत्त्व जसेच्या तसे लावता येते.

पात्र कशाचे असावे?

आकाराच्या चुकीने शिरका होण्यास उशीर लागतो. परंतु पात्राच्या द्रव्याची चूक झाल्यास खाणाऱ्याच्या प्रकृतीस अपाय होतो. म्हणून हा भाग विशेष काळजीपूर्वक वाचावा.

इंग्लंडमधील डेव्हन परगण्यात अठराव्या शतकात सायडर पिणाऱ्या लोकांना पोटात तीव्र कळा येणे, हातपाय लुळे पडणे असा विकार मोठ्या प्रमाणावर होत असे. लोक सायडरच्या आंबटपणाला दोष देत. १७६७ साली जॉर्ज बेकर या डॉक्टरांनी असे दाखविले की, त्या भागात रस काढण्याच्या चरकांत व भांड्यांत शिसे वापरले जाते, आंबट रसात ते विरघळते व हा विकार शिशाच्या विषबाधेचा आहे. ज्या हेरेफर्ड परगण्यात शिसे वापरीत नसत तेथील सायडरमध्ये त्यांना शिसे आढळले नाही. फळ तेच, पेय तेच; भांड्याच्या फरकाने एका गावी ते अन्न होते व दुसऱ्या गावी विष. सफरचंदाच्या रसापेक्षा शिरका कितीतरी अधिक आम्लधर्मी असतो आणि पात्रात तो आठवडेच्या आठवडे राहतो, हे ध्यानात घेतले म्हणजे या उदाहरणाचे महत्त्व कळून येईल.

*तांबे व पितळ.* पितळेच्या भांड्यात ताक कळकते हे आपल्या घरातील सर्वांस ठाऊक आहे. शिरक्याच्या बाबतीत तीच क्रिया अधिक जोराने होते. तांब्यावर ॲसेटिक आम्ल व हवा यांचा परिणाम होऊन हिरवा जंगाल तयार होतो व तो विषारी आहे. भांड्याला कल्हई केली आहे म्हणून ते चालेल, असा युक्तिवाद काही जण करतात. कल्हई हा कथिलाचा पातळ थर असतो. तो रोजच्या स्वयंपाकात काही तास टिकतो. दीड-दोन महिने आम्लात टिकेल अशी अपेक्षा करू नये. शिवाय कथिलात स्वस्ताईसाठी शिसे मिसळलेले असण्याचा धोका असतो. सबब कल्हईचे भांडेही या कामास वर्ज्य समजावे.

*लोखंड.* जांभूळ व काजूचे बोंड दोन्ही तुरट आहेत. तुरट द्रव्य व लोखंड यांचा संयोग झाला की काळा रंग उत्पन्न होतो. हिरडा व लोखंड यांपासून पूर्वी शाई करीत ती याच गुणामुळे. लोखंडी पिंप, लोखंडी खिळा किंवा गंजलेली गाळणी रसास लागली तरी जांभळाचा सुंदर लालसर शिरका शाईसारखा काळपट होतो.

*जस्ताचा मुलामा व ॲल्युमिनियम.* मुलामा दिलेली बादली स्वस्त व हाताशी असते, म्हणून तिचा मोह होतो. जस्त आम्लात सहज विरघळते आणि असा पदार्थ पोटात गेल्यास ओकाऱ्या होतात. ॲल्युमिनियमच्या पातेल्यास शिरक्याने बारीक खड्डे पडतात व चव बिघडते. दोन्ही टाळावीत.

*सिमेंट.* सिमेंटच्या टाकीतील चुना आम्लाशी संयोग पावतो. त्यामुळे टाकीही झिजते व शिरक्याचा आंबटपणाही कमी होतो. आतून योग्य लेप दिलेला नसलेली टाकी वापरू नये.

*मातीचा घडा किंवा माठ.* उत्तर भारतात उसाच्या रसाचा सिरका मातीच्या घड्यात करण्याची जुनी रीत आहे. घडा स्वस्त असतो व धातूचा प्रश्न येत नाही. पण कच्च्या मातीचे पात्र पाझरते. त्यातून रस घटतो आणि भिंतीच्या छिद्रांत बुरशी व नको असलेले जंतू घर करतात. ते कितीही धुतले तरी जात नाहीत. प्रथम प्रयोगासाठी नवा, कधी न वापरलेला घडा चालेल. विक्रीच्या मालासाठी तो योग्य नव्हे.

*चिनी मातीची बरणी.* लोणच्यासाठी घरोघरी असलेली ही बरणी लहान प्रमाणावरील कामासाठी सर्वांत सोयीची आहे. अधिक उष्णतेवर भाजलेली, जाड, घट्ट व गुळगुळीत झिलईची बरणी आम्लास दाद देत नाही. ती अपारदर्शक असल्याने रसावर उजेड पडत नाही व तिच्या जाड भिंतीमुळे आतील उष्णता एकदम कमीजास्त होत नाही. मात्र शोभेच्या, भडक रंगांच्या, कमी उष्णतेवर भाजलेल्या बरण्यांच्या झिलईत शिसे असू शकते. अशी बरणी कितीही सुबक असली तरी घेऊ नये. झिलईला भेगा असलेली जुनी बरणीही बाद समजावी.

*काच.* काचेवर आम्लाचा परिणाम होत नाही, ती स्वच्छ करणे सोपे असते आणि साय कशी धरते हे बाहेरून दिसते. रुंद तोंडाची काचेची बरणी उत्तम. अरुंद गळ्याचा बुधला मात्र पहिल्या आंबवणीसाठी राखून ठेवावा. काचेच्या पात्रास उजेडापासून वाचविण्यासाठी बाहेरून जाड कापड गुंडाळावे.

*स्टेनलेस स्टील.* पन्नास लिटरहून अधिक रस असल्यास हे पात्र परवडते. खाद्यपदार्थांसाठीच्या ३०४ प्रतीच्या पोलादास सौम्य शिरका सहसा बाधत नाही. दीर्घकाळ वापरावयाचे असल्यास ३१६ प्रत अधिक टिकाऊ. सांधे गुळगुळीत असावेत. ज्यास चुंबक घट्ट चिकटतो किंवा ज्याच्या सांध्यावर गंजाचे डाग दिसतात असे हलके भांडे घेऊ नये. मीठ घातलेला शिरका मात्र पोलादी पात्रात साठवू नये.

*प्लास्टिक.* अन्नयोग्य प्रतीचे जाड पांढरे पिंप चालते. त्याच्या तळाशी त्रिकोणात २ हा आकडा असल्यास ते कोणत्या प्लास्टिकचे आहे हे समजते. पण तेवढ्याने ते अन्नयोग्य ठरत नाही. पेला व काटा यांचे चिन्ह किंवा विक्रेत्याची लेखी खात्री पाहावी. येथे एक इशारा स्पष्ट शब्दांत देणे आवश्यक आहे : कीटकनाशकांची, तणनाशकांची, रंगांची किंवा रसायनांची रिकामी पिंपे व डबे या कामासाठी कदापि वापरू नयेत. सोड्याने दहा वेळा धुतले, उन्हात महिनाभर वाळविले तरी प्लास्टिकमध्ये मुरलेले विष पूर्णपणे निघत नाही, आणि शिरका ते हळूहळू बाहेर ओढून घेतो.

*लाकडी पिंप.* लाकडातून थोडी हवा खेळते व शिरक्यास चांगला स्वाद येतो. परंतु चांगले पिंप महाग असते, ते सदैव ओले ठेवावे लागते. वाळले की फळ्या आकसून गळू लागते. नवशिक्याने या खर्चात पडू नये.

तोटी, झाकण व इतर साहित्य

पात्र निर्दोष निवडून त्यास पितळेची तोटी बसविणे, ही चूक पुष्कळ ठिकाणी दिसते. तोटीत अडकून राहिलेला शिरका रात्रभरात पितळ खातो व सकाळी पहिल्या पेल्यात सारा जंगाल उतरतो. तोटी लाकडी, अन्नयोग्य प्लास्टिकची किंवा स्टेनलेस स्टीलची असावी आणि ती तळापासून चार-पाच सेंटिमीटर वर बसवावी, म्हणजे गाळ खाली राहतो. पळी, नरसाळे, गाळणी यांनाही हाच नियम लागू आहे.

दुसऱ्या आंबवणीत पात्रास घट्ट झाकण लावू नये. धुतलेल्या मलमलीची दुहेरी घडी तोंडावर घालून ती दोरीने आवळून बांधावी. हवा आत जाते, पण चिलटे अडतात. कापड रसाला टेकणार नाही व ओले झाल्यास बदलले जाईल, याकडे लक्ष असावे.

पात्राची तपासणी व स्वच्छता

पात्र घेताना ते टांगून किंवा हातावर तोलून त्यास हलकी टिचकी मारावी. खणखणीत आवाज आला तर पात्र सलग आहे. बद्द आवाज आल्यास कोठेतरी भेग आहे असे समजावे. नंतर ते पाण्याने भरून कोरड्या जमिनीवर रात्रभर ठेवावे. सकाळी खाली ओल दिसल्यास पात्र परत करावे. जुने पात्र असेल तर त्याचा वास घ्यावा. तेल, लोणचे, रॉकेल वा कुबट वास असल्यास त्या पात्रातील शिरका विक्रीयोग्य होणार नाही.

पात्र धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्याने घासून, स्वच्छ पाण्याने तीन-चार वेळा विसळून, शेवटी उकळलेल्या पाण्याने धुवावे. काच व चिनी माती यांवर एकदम उकळते पाणी ओतू नये; आधी कोमट, मग गरम, असे चढत जावे. नंतर पात्र उपडे ठेवून कडक उन्हात वाळवावे.

रस भरणे व देखरेख

पहिली आंबवण संपली, म्हणजे बुडबुडे थांबले व गाळ तळाशी बसला की वरचा निवळ रस नळीने अलगद काढून दुसऱ्या पात्रात घ्यावा. त्यात चार भागांस एक भाग या प्रमाणात चांगला, न तापविलेला जुना शिरका मिसळावा. यामुळे रस प्रारंभीच आंबट होऊन इतर जंतूंस वाव मिळत नाही व इष्ट जीवाणूंची पेरणीही होते. बियाणे चांगले तर पीक चांगले, हा न्याय येथेही आहे.

पात्र सावलीत, वारा खेळेल अशा पण धूळ नसलेल्या जागी ठेवावे. २५ ते ३० अंश सेल्सिअस उष्णता या जीवाणूंना मानवते. पत्र्याच्या छपराखाली मे महिन्यात उष्णता याहून पुष्कळ चढते; तेथे पात्र ठेवू नये. कौलारू घराची जमिनीलगतची कोपऱ्यातील जागा बरी. पात्र वरचेवर हलवू नये.

पातळ, गुळगुळीत, किंचित राखट साय धरल्यास काम ठीक चालले आहे असे समजावे. जाड, सुरकुतलेली, पिठासारखी पांढरी साय आल्यास ती अनिष्ट यीस्टची असते. ती काढून टाकून थोडा तीव्र शिरका घालावा. हिरवी वा काळी बुरशी दिसल्यास तो रस टाकून द्यावा. लोभाने ठेवू नये. पात्र योग्य असल्यास साधारण सहा ते आठ आठवड्यांत शिरका तयार होतो.

तयार शिरक्यासाठी तिसरे पात्र

शिरका तयार झाल्यावर पात्राविषयीचा नियम पुन्हा उलटतो, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. मद्यार्क संपल्यावरही हवा मिळत राहिली तर तेच जीवाणू तयार झालेले आम्ल खाऊ लागतात व त्याचे पाणी व वायू करून टाकतात. पाच टक्क्यांचा शिरका अशा रीतीने दिवसेंदिवस फिका होत जातो. म्हणून आम्लता पुरेशी झाली की शिरका ताबडतोब गाळून अरुंद गळ्याच्या काचेच्या बाटल्यांत गळ्यापर्यंत भरावा व बूच घट्ट लावावे. बूच धातूचे असल्यास त्यास आतून प्लास्टिकचे अस्तर असावे. विक्रीचा माल असल्यास बाटल्या ६५ अंश सेल्सिअस उष्णतेच्या पाण्यात अर्धा तास ठेवून जीवाणू नाहीसे करावेत. पुढील खेपेच्या विरजणासाठी एक बाटली मात्र न तापविता वेगळी ठेवावी.

आम्लता जिभेने ठरवू नये. लोणचे टिकते ते शिरक्याच्या चवीवर नव्हे तर त्यातील आम्लाच्या प्रमाणावर. फिका शिरका घातलेले लोणचे वरून चांगले दिसले तरी आत बिघडू शकते. प्रत्येक खेपेचा नमुना जवळच्या कृषि विज्ञान केंद्रात किंवा अन्नपरीक्षण प्रयोगशाळेत तपासून घ्यावा.

कोणी कोणते पात्र घ्यावे?

घरच्या वापरापुरता दहा लिटरपर्यंत रस असल्यास पहिल्या आंबवणीस काचेचा बुधला व दुसरीस रुंद तोंडाची चिनी मातीची किंवा काचेची बरणी, ही जोडी पुरेशी आहे. दहा ते पन्नास लिटर रस असल्यास एक मोठे पात्र घेण्याऐवजी चार-पाच मध्यम बरण्या घ्याव्यात. पृष्ठभाग अधिक मिळतो आणि एक बरणी बिघडली तरी बाकीचा माल वाचतो. त्याहून अधिक रसासाठी बचत गटाने मिळून स्टेनलेस स्टीलचे पसरट पात्र किंवा आडवे ठेवलेले अन्नयोग्य पिंप घ्यावे.

शेवटी कायद्याविषयी दोन शब्द लिहिणे कर्तव्य आहे. पहिल्या आंबवणीत मद्यार्क तयार होतो आणि महाराष्ट्रात मद्य तयार करण्यावर १९४९ च्या दारूबंदी अधिनियमाचे नियंत्रण आहे. म्हणून हे काम हाती घेण्यापूर्वी राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या स्थानिक कार्यालयाचा लेखी सल्ला घ्यावा, व विक्री करावयाची असल्यास अन्नसुरक्षा नोंदणी करावी. काजू बोंडाच्या प्रक्रियेविषयी दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषि विद्यापीठाचे वेंगुर्ला येथील प्रादेशिक फळ संशोधन केंद्र मार्गदर्शन करू शकेल; इतर भागांतील बागायतदारांनी आपल्या तालुका कृषि अधिकाऱ्यांशी संपर्क साधावा.

बागेत दरवर्षी मातीला मिळणाऱ्या फळाचे मोल करून घेणे आपल्या हाती आहे. त्यासाठी यंत्रसामग्री वा मोठे भांडवल लागत नाही. पहिल्या टप्प्यास हवा रोखणारे, दुसऱ्यास हवा देणारे व तिसऱ्यास पुन्हा हवा रोखणारे, अशी तीन पात्रे आणि ती कशाची आहेत याविषयीची दक्षता एवढे लागते. शेतकरी बंधूंनी व भगिनींनी येत्या हंगामात एका बरणीपासून आरंभ करावा, नोंद ठेवावी व अनुभव आल्यावरच पसारा वाढवावा.